दोन अँप, एक गिटार आणि स्टिरिओ पेडल लावताच परतणारी हम

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. एकटा अँप शांत असतो, दुसरा जोडला की घूंऽऽ सुरू. मग ट्रान्सफॉर्मरवाला स्प्लिटर (गिटारचा सिग्नल दोन अँपना वाटून देणारी पेटी) येतो, हम जाते, दोन दिवस सुखाचे जातात. तिसऱ्या दिवशी स्प्लिटरच्या पुढे स्टिरिओ कोरस किंवा डिले लावला जातो आणि हम जशीच्या तशी हजर. मग स्प्लिटर बदलतात, केबल बदलतात, आणि शेवटी कोणीतरी पकड घेऊन अँपच्या प्लगमधली अर्थिंगची पिन उपटायला बसतं.

स्प्लिटर बहुतेक वेळा ठणठणीत असतो. तो चुकीच्या जागी बसलेला असतो. स्टिरिओ पेडलच्या डाव्या आणि उजव्या आउटपुटची ग्राउंड पेटीच्या आत एकच असते. म्हणजे स्प्लिटरने तोडलेला ग्राउंडचा दुवा पुढचं पेडल पुन्हा जोडून देतं. आयसोलेशन, म्हणजे ग्राउंड न जोडता नुसता सिग्नल पुढे नेणं, शेवटच्या पेडलनंतर, दुसऱ्या अँपच्या तोंडाशी, आणि एकाच ठिकाणी हवं. खाली जे आहे ते सगळं याच एका गोष्टीभोवती आहे. सोयीसाठी मुख्य अँपला ‘डावा’ आणि आयसोलेट करायच्या अँपला ‘उजवा’ म्हणू.

आधी हम कसली ते ओळखा

जाड ई तारेवर तिसरी फ्रेट दाबा. तो जी ९८ हर्ट्झचा असतो. आपली लाइट ५० हर्ट्झची. हम त्या सुरापेक्षा बरोबर एक सप्तक खाली असेल, तर ती सरळ मेन्सची ५० हर्ट्झची हम आहे आणि ग्राउंड लूपचा (दोन अँपची ग्राउंड दोन वाटांनी जोडली जाऊन झालेल्या वेटोळ्याचा) संशय घ्यायला जागा आहे. तिसऱ्या फ्रेटच्या सुराशी जवळजवळ जुळत असेल, तर ती १०० हर्ट्झची, म्हणजे एसीचं डीसी करणाऱ्या रेक्टिफायरनंतरची. अँपमधले फिल्टर कॅपॅसिटर म्हातारे झाले की अशी हम येते, आणि काहीही न जोडता एकटा अँप चालू केला तरी ती येते. गिटार हातात धरून जागच्या जागी वळल्यावर आवाज कमी-जास्त होत असेल, तर ते सिंगल कॉइल पिकअपचं काम. मंडपातले लाइटचे डिमर चालू असताना येणारी तीक्ष्ण भर्र हीसुद्धा बहुधा पिकअपमधूनच शिरते. मिरजेच्या तंबोऱ्याला जवारी हवी, अँपला नको. पण प्रत्येक भर्र ग्राउंड लूपची नसते.

खात्रीसाठी एक साधन घरीच करून ठेवा. एक मोनो जॅक घ्या आणि त्याची टिप (टोक, सिग्नलचं) नि स्लीव्ह (मागची नळी, ग्राउंडची) आतून तारेने जोडून टाका. हा शॉर्ट जॅक गिटारच्या जागी, साखळीच्या अगदी सुरुवातीला लावा. पिकअप आणि गिटारची केबल आता चित्रातूनच गेली. तरीही हम तेवढीच आली आणि उजव्या अँपची केबल उपटताच थांबली, तर लूप नक्की.

बोर्डाकडे बघा, पण पिन तोडू नका

दोन अँप स्टेजच्या दोन टोकांना ठेवले की साहजिकच डावा अँप डेकोरेशनवाल्याच्या बोर्डावर लागतो आणि उजवा साउंडवाल्याच्या. दोन्ही अर्थ कुठेतरी लांब जाऊन एकत्र येतात, आणि इकडे गिटारच्या केबलची शिल्ड (बाहेरची तारेची जाळी) त्यांना दुसऱ्या वाटेने जोडते. एवढं मोठं वेटोळं तयार झालं की त्यातून करंट फिरणारच. दोन्ही अँप एकाच बोर्डावर आणले की बऱ्याचदा अर्धी हम तिथेच जाते. १०० वॅटचा व्हॉल्व्ह अँप ३०० वॅटच्या आसपास खेचतो असं धरलं, तरी दोन मिळून ६०० वॅट, म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम २.६ अँपिअर. एका ६ अँपिअरच्या सॉकेटवर दोन्ही आरामात चालतात. त्या बोर्डावर पारकॅन (स्टेजचे दिवे), डिमर किंवा धुराचं मशीन मात्र नको. लांबच्या अँपला एक्स्टेंशन द्या, पण निघू दे त्याच बोर्डातून.

मंगल कार्यालय असो की गणपतीचा मंडप, काहीही जोडण्याआधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून तीन मापं घ्या. फेज ते न्यूट्रल साधारण २३०. फेज ते अर्थ साधारण तेवढंच. न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ शून्य किंवा भलतंच काही दाखवत असेल, तर अर्थ तुटलेला आहे. न्यूट्रल-अर्थ लोड चालू असतानाही अगदी ०.० दाखवत असेल, तर आनंद मानू नका. सॉकेटच्या मागेच न्यूट्रलवरून उडी मारून अर्थच्या भोकात तार दिलेली असू शकते. अशा बोर्डावर न्यूट्रलचा काही करंट तुमच्या केबलच्या शिल्डमधून जाईल, आणि कुठे न्यूट्रल सुटला तर अँपची चासी (धातूचा सांगाडा) फेजवर येईल. तिथे वाजवू नये, वायरमनला बोलवावं.

जत-आटपाडीकडच्या कोरड्या मुरमाड जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावंच लागतं. कृष्णाकाठी उलट दुखणं: २०१९ च्या पुरात बुडालेल्या तळमजल्यांवर जुने बोर्ड तसेच राहिले असतील, तर आतल्या पट्ट्या गंजलेल्या सापडतात आणि पिन हलवली की अर्थ येतो-जातो. हम मध्येच येऊन मध्येच जात असेल तर आधी सॉकेट बघा.

आता केबल न जोडता, दोन्ही अँप चालू ठेवून, एका अँपच्या इनपुट जॅकच्या स्लीव्हपासून दुसऱ्याच्या स्लीव्हपर्यंत एसी व्होल्ट मोजा. काही मिलिव्होल्ट ते काहीशे मिलिव्होल्ट आले तर हा नेहमीचा लूप, पुढचा उपाय लागू पडेल. दहा-वीस व्होल्ट किंवा त्याहून जास्त आले तर एका अँपला अर्थच नाही. तिथे थांबा. अशा दोन अँपच्या मध्ये एक हात गिटारवर आणि ओठ माइकवर ठेवून उभं राहणं जिवावर बेततं.

दोन बोर्ड वेगवेगळ्या फेजवर असले तर त्या एकाच कारणाने हम येत नाही, कारण ऑडिओ जोडला जातो तो अर्थशी. पण दोन फेजमध्ये ४०० व्होल्टच्या आसपास दाब असतो. एखाद्या अँपमध्ये बिघाड झाला तर धोका तेवढा मोठा.

अर्थची पिन काढल्यावर हम जाते, हे खरं आहे. व्हॉल्व्ह अँपच्या आत ३०० ते ४५० व्होल्ट डीसी असतं, हेही खरं आहे. पिन काढलेल्या अँपचा अर्थ मग गिटारच्या केबलच्या बारीक शिल्डमधून दुसऱ्या अँपकडे जातो. ती केबल सुटली की चासी मोकळी.

जोडणीचा क्रम

गिटार, मोनो पेडल (ट्यूनर, वाह, ड्राइव्ह), मग बफरवाला (सिग्नल तेवढाच ठेवून त्याला ताकद देणारा) स्प्लिटर, मग स्टिरिओ पेडल आणि त्याचा बायपास स्विच, मग डावं आउटपुट सरळ डाव्या अँपला, उजवं आउटपुट आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमधून उजव्या अँपला. पेडलबोर्डावरची सगळी ग्राउंड, पॉवर सप्लायसकट, डाव्या अँपची. उजव्याकडे फक्त ट्रान्सफॉर्मरची दुसरी बाजू. मधला पूल एकच, आणि तो ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी गाभ्याचा, तांब्याच्या तारेचा नाही.

पॅसिव्ह वाय केबलने काम भागेल का? वाजेल, पण मऊ वाजेल. १ मेगओहमच्या दोन इनपुट समांतर आल्या की पिकअपला ५०० किलोओहम दिसतात. त्यात प्रत्येक अँपकडे सहा-सहा मीटर केबल, मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरले तर एकूण १२०० पिकोफॅरड. वरची धार जाते. शिवाय ट्रान्सफॉर्मरला पॅसिव्ह पिकअप हाकू शकत नाही, त्याला बफर लागतोच.

तयार घ्यायचं असेल तर लेहलेचा पी-स्प्लिट किंवा रेडिअलचा ट्विन-सिटी यांत ट्रान्सफॉर्मर आहे. बॉसचा एलएस-२ स्विचिंगला उत्तम, पण त्यात ट्रान्सफॉर्मर नाही, त्यामुळे लूप तोडणं हे त्याचं कामच नाही. स्प्लिटर कुठलाही असला तरी पुढे स्टिरिओ पेडल असेल तर शेवटी वेगळा आयसोलेटर लागेल. बेहरिंगरच्या एचडी४०० मध्ये दोन चॅनल असतात, त्यातला एक उजव्या लाइनवर पुरतो.

घरी करायचं असेल तर

बफर आणि आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, दोन्ही एकाच पेटीत. आधी बफर. टीएल०७२ एक आयसी. त्यात दोन ऑपअँप. आठ नंबरच्या पिनेला ९ व्होल्ट, चार नंबरला ग्राउंड. ९ व्होल्टपासून ग्राउंडपर्यंत एकापाठोपाठ १० के (किलोओहम) चे दोन रेझिस्टर आणि मधल्या सांध्यावरून ग्राउंडला ४७ मायक्रोफॅरड, हा झाला ४.५ व्होल्टचा रेफरन्स. गिटारकडून २२ नॅनोफॅरड कॅपॅसिटरमधून सिग्नल तीन नंबरला, आणि तीन नंबरवरून रेफरन्सला १ मेगओहम. याचा कटऑफ (ज्याखालचे सूर दबतात ती मर्यादा) सात हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे जाड ई ला धक्का नाही. एक आणि दोन नंबर एकमेकांना जोडा. एक नंबरवरूनच पाच नंबरला सिग्नल द्या, सहा आणि सात जोडा. आता एक नंबर हे डावं आणि सात नंबर हे उजवं कोरं (इफेक्टशिवायचं) आउटपुट. दोन्हीवर १० मायक्रोफॅरड, धन टोक आयसीकडे, मग ४७० ओहम, आणि शेवटी ग्राउंडला १०० के. आयसीच्या पायाशी ९ व्होल्टवर ०.१ मायक्रोफॅरड विसरू नका. आउटपुटवरचा १० मायक्रोफॅरड काढून टाकला तर ४.५ व्होल्ट डीसी ट्रान्सफॉर्मरमध्ये जातं, गाभा भरतो आणि जाड तार फाटकी वाजते.

ट्रान्सफॉर्मर १० के : १० के, ऑडिओ लाइनचा. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, नाहीतर ऑनलाइन. जुन्या मोडेममधला ६०० : ६०० सहज मिळतो आणि लूप आहे की नाही हे तपासायला चालतो, पण गाभा लहान म्हणून बेस पातळ करतो. जुन्या रेडिओतला ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर वापरू नका, तो एकास एक नसतो.

आता जिथे सगळ्यात जास्त घरगुती पेट्या फसतात ती जागा. उजवं आउटपुट जॅक प्लास्टिकच्या बॉडीचं हवं. धातूचा जॅक धातूच्या पेटीत नटाने आवळला की स्लीव्ह पेटीला लागते, पेटी डाव्या अँपच्या ग्राउंडवर असते, आणि ट्रान्सफॉर्मर असून नसल्यासारखा. प्लास्टिकचा जॅक नसेल तर भोक मोठं करून दोन्ही बाजूंना फायबरचे वॉशर घाला, पण मधल्या मानेवरही नळीचा तुकडा हवा, नुसते वॉशर घातले की मान कडेला टेकते. मग दोन्ही अँपच्या केबल काढून मीटर बीपवर ठेवा: डाव्या जॅकची स्लीव्ह ते उजव्या जॅकची स्लीव्ह. बीप वाजता कामा नये. झाकण लावून, स्क्रू आवळून पुन्हा तपासा. झाकण लावल्यावर बीप येऊ लागली तर आत जॅकची पट्टी झाकणाला टेकते आहे.

इफेक्टचा स्विच

स्टिरिओ पेडल स्वतःच्या स्विचने बंद केल्यावर उजवा अँप मुका होत असेल, तर त्या पेडलचा बायपास फक्त डाव्या आउटपुटला जोडलेला आहे. काही डिले पेडलमध्ये दुसरं आउटपुट हे ‘डायरेक्ट’ असतं, त्यावर इफेक्ट कधीच येत नाही. ते स्टिरिओ समजून बसू नये.

बाहेरून स्विच करायला नऊ पायांचा ३पीडीटी (तीन पोलांचा, दोन बाजूंचा) फूटस्विच पुरतो. पेडलच्या इनपुटला बफरचं डावं आउटपुट कायम जोडलेलं ठेवा. बफर असल्यामुळे ते तोडायची गरज नाही, आणि त्यामुळेच एक पोल वाचतो. पहिल्या पोलचा मधला पाय डाव्या आउटपुट जॅकला. एका बाजूला बफरचं डावं कोरं, दुसऱ्या बाजूला पेडलचं डावं. दुसरा पोल तसाच, फक्त मधला पाय ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला (सिग्नल आत घेणाऱ्या बाजूला). तिसरा पोल एलईडीला, ४.७ के मधून. कुठले तीन पाय एका पोलचे, हे चित्रावरून ठरवू नका. स्विच आडवा धरला की रांगा आणि स्तंभ यांची गल्लत हमखास होते. मीटरने मधला पाय कुठे बीप देतो ते बघून मग डाग द्या.

दाबताना ‘टक्’ असा आवाज स्पीकरमधून आला तर पेडलकडून येणाऱ्या दोन्ही तारांवर ग्राउंडला १ मेगओहम लावा, तरंगणारा चार्ज निघून जातो. तरीही टक् उरली तर एलईडीची ग्राउंड ऑडिओच्या ग्राउंडवरून न नेता थेट पॉवर जॅकपर्यंत वेगळ्या तारेने न्या.

हम गेली, पण आवाज पोकळ

दोन अँप उलट फेजमध्ये असले की एकेकटा भरदार वाजतो आणि दोन्ही मिळून बेस गायब. दोघे शेजारी ठेवा, आवाज सारखा करा, जाड ई मोकळी वाजवा. फेज स्विच उलटून ज्या बाजूला पोट भरतं ती बाजू बरोबर. हा स्विच ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीवर (अँपकडच्या बाजूवर) डीपीडीटी (दोन पोलांचा स्विच) लावून सहज होतो, दोन तारांची अदलाबदल, बस. सेकंडरी मोकळी असल्यामुळेच ते जमतं. डाव्या बाजूला हाच प्रयोग केला तर सिग्नल शॉर्ट होईल.

९ व्होल्टची बॅटरी क्षणभर स्पीकरला लावून कोन पुढे येतो का बघण्याची युक्ती स्पीकरपुरती खरी आहे (केबिनेट अँपपासून सोडवूनच). अँपच्या आत सिग्नल किती वेळा उलटतो हे ती सांगत नाही. फेंडरच्या ब्लॅकफेस (काळ्या पॅनलच्या) काळातल्या रिव्हर्बवाल्या अँपमध्ये नॉर्मल आणि व्हायब्रॅटो चॅनल एकमेकांच्या उलट फेजमध्ये असतात. म्हणजे चॅनल बदलला की फेज बदलली. स्पीकरच्या तारा उलटायच्या असतील तर अँप बंद करून, आणि व्हॉल्व्ह अँप स्पीकरशिवाय कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

ही चाचणी इफेक्ट चालू आणि बंद दोन्ही करून बघा. बंद असताना भरीव आणि चालू केल्यावर पोकळ असेल, तर पेडल एका बाजूला सिग्नल उलटं करतंय. काही स्टिरिओ कोरस डावीकडे मूळ अधिक कोरस देतात आणि उजवीकडे मूळ वजा कोरस. स्टेजवर ते छान पसरतं. साउंडवाल्याने दोन्ही माइक एकत्र मोनोत टाकले की कोरस नाहीसा होतो. अशा वेळी त्याला एकाच अँपचा माइक घ्यायला सांगा.

तरीही परत आली तर

लूप मागच्या दाराने येतो. दोन्ही अँपचे चॅनल बदलायचे फूटस्विच एकाच लोखंडी पेटीत बसवलेत? त्यांच्या ग्राउंड पेटीतून जोडल्या गेल्या. उजव्या अँपच्या इफेक्ट लूपमध्ये (अँपच्या मागच्या सेंड-रिटर्न जॅकमध्ये) बोर्डावरचं एखादं पेडल आहे? त्या इफेक्ट लूपच्या प्रत्येक केबलची शिल्ड म्हणजे एक नवा पूल. एकतर तो इफेक्ट लूप सोडा, नाहीतर त्या दोन्ही केबलना ट्रान्सफॉर्मर द्या. इफेक्ट लूपची पातळी गिटारपेक्षा बरीच जास्त असते, लहान ट्रान्सफॉर्मर तिथे जाड तारांवर फाटतो. एकाच अ‍ॅडॅप्टरवर सात-आठ पेडलची माळ आणि त्यातलंच एक उजव्या बाजूचं? संशयित पेडल बॅटरीवर चालवून बघा, हम थांबली तर चोर सापडला. लॅपटॉप यूएसबीने जोडला असेल तर त्याचा चार्जर काढून बघा.

रोलंडच्या जेसी-१२० ला (१९७५) यातलं काहीच सोसावं लागत नाही, हे जाता जाता. ६० वॅटचे दोन अँप, पण चासी एक आणि प्लग एक, म्हणून लूप व्हायला जागाच नाही.

लूप तुटूनही बारीकशी हम उरली आणि ती ट्रान्सफॉर्मरच्या पेटीला हात लावून सरकवल्यावर बदलत असेल, तर आपला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर शेजारच्या पॉवर सप्लायच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र पकडतोय. वितभर लांब न्या. जागा नसेल तर पेटी उघडून, शॉर्ट जॅक लावून, उजव्या अँपचा आवाज वाढवून तो बोटाने हळूहळू फिरवा (पेटीत ९ व्होल्टच आहेत). साधारण काटकोनाच्या आसपास एक कोन असा येतो की हम एकदम बसते. तिथेच हॉट ग्लूचा ठिपका ठेवा आणि गोंद गार होईपर्यंत बोट काढू नका.